भाताच्या ताटातला केस

आमच्या घरी भाऊबीजेचं ओवाळणं आखूड नसतं. टीव्हीवरच्या बायका भावाच्या नाकासमोर ताट जरासं हलवतात आणि झालं म्हणतात, ते पाहून मला चीड येते. आमच्या आईनं शिकवलं ते असं: भाऊ पाटावर बसला की दिवा त्याच्या गुडघ्यापाशी धरायचा, तिथून खांद्याच्या बाहेरून वर न्यायचा, टोपीवरून फिरवायचा आणि दुसऱ्या गुडघ्याशी उतरवायचा. भावाचं सगळं अंग त्या फेऱ्यात आलं पाहिजे. आणि भावानं दिव्याकडे बघायचं नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघायचं. दिवा आपला कडेकडेनं फिरतो आणि भावाला तो नुसता असल्यासारखा वाटतो, असं आई म्हणायची.

त्या भाऊबीजेला मी नेहमीसारखी गोंदियाहून अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावी गेले होते. दादा पाटावर बसला. माझ्याहून मोठा, केस पिकलेले, पण तलावाच्या पाळीवर चालून चालून अंग अजून घट्ट. मी दिवा फिरवला. दिवा त्याच्या डाव्या अंगाला आला तसा त्यानं हात वर केला आणि डोळ्यासमोरून काहीतरी हाकललं.

"धूर काऊन करून राहिली वो बाई?"

"तुपाचा दिवा हाये दादा. धूर कुठचा?"

त्यानं हात खाली घेतला. मीही फेरे पुरे केले, अक्षता टाकल्या आणि विसरले.

मग जेवायला बसलो. वहिनीनं नव्या धानाचा भात केला होता. दादानं दोन घास खाल्ले आणि तिसरा घास हातातच राहिला. तो ताटात वाकून बघायला लागला. मग त्यानं चिमूट केली आणि भाताच्या वर, भातापासून चांगली दोन बोटं वर, हवेत काहीतरी धरलं. धरलं आणि सोडलं. पुन्हा जरा बाजूला चिमूट केली.

"केस हाये," तो म्हणाला.

आमच्या वहिनीच्या स्वयंपाकात खोट काढणं म्हणजे आगीशी खेळणं. ती ताट उचलून दारातल्या उजेडात घेऊन गेली, भात बोटानं पसरून पाहिला आणि ताट परत आणून आदळलं. "दाखवा कुठं केस हाये तो! उगाच काय बोलून राहिले!"

"हा काय इथं. हालून राह्यला."

मला हसू आलं. मी म्हटलं, म्हातारपणी नवऱ्याला बायकोच्या हातचा भात नको झाला की असे केस निघतात. वहिनी फणकारली. दादा मात्र हसला नाही. तो ताटाकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे हळूहळू डावीकडून उजवीकडे जात होते, जणू काही ताटावरून कोणी चालत गेलं आणि तो त्याला जाऊ देत होता. मग त्यानं पाण्याचा पेला उचलला, तोही आधी उजेडात धरून पाहिला आणि न पिता खाली ठेवला. तेव्हा मात्र मी हसायचं थांबवलं.

आता आमच्या तलावाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या पूर्वजांनी गावाच्या वरच्या अंगाला मातीची लांब पाळ घालून तलाव बांधला. त्याच्यावरच खालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, भिजतात. पाळीच्या पोटात दगडी मोरी आहे, तिला तुडुम म्हणतात. तिच्या भोकांतल्या खुंट्या काढल्या की पाणी सुटतं. कोणाला कधी आणि किती पाणी, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. आमच्या गावात ते काम आमच्या घराकडे आहे आणि त्याची एक जुनी अट आहे: पाणकराची स्वतःची जमीन पाण्याच्या पाटाच्या अगदी शेवटी असली पाहिजे. म्हणजे सगळ्यांच्या बांध्या भिजल्याशिवाय त्याची भिजत नाही. त्यामुळे आमची जमीन शेवटची, आणि दादाचा शब्द गावात चालतो.

दुसरी एक गोष्ट लहानपणी सगळ्यांना सांगितलेली. तुडुमात एक बाई राहते. तिला तोंड नाही, नुसते केस आहेत. सूर्य बुडाल्यावर तुडुमाच्या पाण्यात वाकून पाहायचं नाही. पाहिलं आणि तिचे केस नजरेत अडकले, तर ती त्या माणसासोबत घरी येते. आणि ज्याच्यासोबत ती आली त्यानं पुन्हा तुडुमाला हात लावायचा नाही, कारण त्याच्या हातानं सोडलेलं पाणी ती पिऊन टाकते. आम्ही पोरं त्या पाण्यातलं शेवाळ काठीला गुंडाळून एकमेकांच्या अंगावर टाकायचो आणि किंचाळत पळायचो. मोठेपणी कोणी त्यावर बोलत नसे, पण सूर्य बुडाल्यावर पाण्यात वाकून पाहतही कोणी नसे.

त्या दुपारी घर जेवून आडवं झालं. मला दुपारची झोप लागत नाही. मी मागच्या पडवीत पाणी प्यायला गेले आणि तिथं दादा बसलेला होता. खांबाला पाठ लावून, पाय पसरून, ताठ. डोळे मिटलेले. त्याचं डोकं दुपट्ट्यानं खांबाला बांधलेलं होतं. कपाळावरून घट्ट, मागे गाठ. तोंड जरासं उघडं होतं. पडवीत कोंबड्या फिरत होत्या, एक त्याच्या पायावरून गेली तरी तो हलला नाही.

मी तिथंच उभी राहिले. मग त्यानं डोळे न उघडताच म्हटलं, "भिऊ नको. मी झोपून राहिलो."

"असा? बांधून?"

"मान लुडकते म्हणून बांधलो. आडवं झालं का ती उठते."

"कोण?"

त्यानं गाठ सोडली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि चप्पल घातली. "चाल, पाळीवर सांगतो. हिच्या कानावर नको जायला." हिच्या म्हणजे वहिनीच्या.

पाळीवर भर उन्हात त्यानं सांगितलं ते मी आजही उन्हातच आठवते, घरात बसून आठवायला नको वाटतं. पावसाळा सरता सरता एकाची बांधी कोरडी पडत होती, म्हणून दादानं सूर्य बुडाल्यावर तुडुम उघडला होता. खुंटी अडकली, तो वाकला आणि पाण्यात पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर डाव्या डोळ्यासमोर काळे केस. एक नव्हे, जुडगा. वरून खाली सोडलेला.

"मी तिकडं पायलो का ते पळते. मी थांबलो का मांगून येते आन् थांबते. दुखत नाई, खुपत नाई. आडवा झालो का सगळीकडं पसरते, मंग सकाळी सारं लाल दिसते. पण बसून झोपलो ना बाई, तं खाली बसते. दोन-तीन दिवस बसून झोपलो तं वरचं सारं साफ."

आणि इथं त्याचा चेहरा जरा उजळला. हे त्याचं त्यानं शोधून काढलं होतं. गढूळ पाणी हलवलं नाही तर गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं, हे तलावाच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून तो रात्रंदिवस डोळा हलू न देता बसत होता.

मी त्याचा उजवा डोळा माझ्या तळहातानं झाकला. "आता काय दिसते?"

"पाणी," तो म्हणाला. "लाल पाणी. आन् तू हायेस ना, तू तिच्या केसामांगं उभी हायेस. तुले तोंड नाई."

मी हात काढून घेतला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी गोंदियात दहा बायकांसमोर ठासून सांगते. पण त्या घडीला मी मागे वळून तुडुमाकडे पाहिलं आणि मग स्वतःचाच राग आला.

कारण मला काहीतरी माहीत होतं. आम्हा दोघांनाही शुगर आहे, आईची देणगी. मी गोंदियात असल्यामुळे माझे डोळे दरवर्षी आतून तपासून होतात. दादाची गोळी म्हणजे डोकं जड झालं तर घ्यायची, नाहीतर डब्यात पडून राहायची, आणि भात तीन वेळा. शुगरनं डोळ्याच्या आत रक्त फुटतं, हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलेलं होतं. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, एका डोळ्यातच काऊन मंग? शुगर तं साऱ्या अंगात हाये. शेवटी मी भांडले, रडले, भाऊबीजेची ओवाळणी परत करते म्हणाले, तेव्हा तो माझ्यासोबत गाडीत बसला.

गोंदियाच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून बाकांवर बसवतात. थेंब झोंबतात म्हणून सगळे डोळे मिटून, डोकं भिंतीला टेकवून बसलेले असतात. मी स्वतः कितीदा तशी बसले असेन, पण तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं. भिंतीला डोकी टेकवलेली मिटल्या डोळ्यांची माणसं, ओळीनं, कोणी बोलत नाही. दादाही त्यांच्यात जाऊन बसला आणि पडवीतल्यासारखा ताठ झाला. मग आतून हाक आली, त्यानं डोळे उघडले, तर त्यांत तपकिरी काही उरलंच नव्हतं. काठोकाठ काळं. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बाई, कुठं हायेस?" मी समोरच होते.

डॉक्टरीण तरुण होती. मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत न अडखळता जायची, गोंदियात सगळेच जातात. तिनं अंधाऱ्या खोलीत त्याच्या डोळ्यांच्या आतला फोटो काढला आणि पडद्यावर आम्हाला दाखवला. केशरी गोल, त्यावर बारीक लाल रेघा. आणि डाव्या डोळ्यात खाली काळपट लाल डबकं साचलेलं. त्याची खालची बाजू वाटीसारखी गोल होती आणि वरची कड सुतानं आखल्यासारखी सरळ.

दादा खुर्चीतून पुढे सरकला. "हे तं तलाव हाये."

खरंच तसं होतं. डोळ्याच्या आत पाण्याची पातळी ठरलेली होती. त्यानं मोठ्या तोऱ्यात माझ्याकडे पाहिलं. "पाय, गाळ खाली बसला का नाई? मी बसवला तो."

"बसवला ना काकाजी, बिलकुल बसवला," डॉक्टरीण म्हणाली. "डोकं वर ठेवून झोपलं की रक्त खाली बसतं, सही बात है. पण ते येतं कुठून, ते तर पहा."

मग तिनं त्याच्या उजव्या डोळ्याचा फोटो लावला, ज्याच्याबद्दल आम्ही कोणी काळजीच करत नव्हतो. तिथं डबकं नव्हतं. पण एका कडेला बारीक बारीक लाल तंतू उगवले होते, वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले. ते बघून दादानं एकदम मान फिरवली. मला कळलं त्याला काय दिसलं ते. केस दिसले.

तिनं समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या शुगरनं बुजतात. मग कडेच्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग तहानेला होतो, आरडाओरडा करतो, आणि त्याच्या ओरडण्यानं या नवीन नळ्या उगवतात. पण त्या कच्च्या असतात, आपोआप फुटून रक्त सांडतं. डाव्यात सांडलंय. उजव्यात सांडायचंय. त्यावर इलाज म्हणजे लेझर. कडेकडेचा तो तहानेला भाग जागोजागी जाळून टाकायचा, म्हणजे ओरडणं थांबतं, कच्च्या नळ्या सुकतात आणि मधली नजर वाचते.

"जाळायचा?" दादा म्हणाला.

"हो काकाजी. मी खोटं नाही सांगणार. कडेचं जरा कमी दिसेल. अंधारात पण कमी दिसेल. लेकिन बीच का बच जाएगा."

"मले या डोळ्यानं सारं दिसून राह्यलं. ज्यात काही झालं नाई त्याले कायले जाळू?"

"दिसून राह्यलं म्हणूनच आज करायचं. गेलेली नजर आम्हाला परत आणून देता येत नाही."

तो उठलाच. त्याचं म्हणणंही मला कळत होतं, त्यामुळे जास्त राग येत होता. पाणकर समोर बघून काम करत नाही. तो पाळीवरून चालत असतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला कळतं की कुठं माती ओली आहे, कुठं पाट फुटलाय. त्यातही संध्याकाळी. कडा आणि अंधार, नेमक्या याच दोन गोष्टी ती डॉक्टरीणबाई मागत होती. लेझर न करताच मी त्याला परतीच्या गाडीपाशी सोडून आले. तेवढं एक त्यानं ऐकलं, गोळ्या वेळेवर घ्यायला लागला.

त्या हिवाळ्यात मी त्याला रोज फोन करायची. आधी शुगरचं विचारायची, मग इकडचं तिकडचं, आणि शेवटी आवाज खाली करून, "आज कुठं हाये ती?" नात्यातल्या कोणा बाईची चौकशी करावी तसं. तो म्हणायचा, "खाली बसली हाये." किंवा, "आज उठली." मग एक दिवस म्हणाला की डाव्यात आता सगळी तीच आहे, उजेड तेवढा कळतो. हे त्यानं इतक्या थंडपणे सांगितलं की मी फोन ठेवल्यावर देवापुढचा दिवाही लावू शकले नाही.

एकदा मी तांदूळ निवडत होते. सुपात, पांढऱ्या तांदळावर, एक केस. माझा हात तिथंच थांबला. मी श्वास रोखून डोळे डावीकडे नेले. केस पळाला नाही. उजवीकडे नेले. तिथंच. मग मी भीत भीत चिमूट केली आणि तो खरोखर हातात आला. माझाच होता, पांढरा, टोकाला मेंदीचा रंग लागलेला. मी एकटीच मोठ्यानं हसले आणि हसता हसता रडू फुटलं. दादाच्या चिमटीत मात्र काही येत नव्हतं, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

तिळसंक्रांतीच्या सुमारास मी पुन्हा गावी गेले. तलावात पाणी कमी होतं. उन्हाळी धान कोणी किती लावायचं, ते ठरवायला सगळे पाळीवर जमले होते. अशा वर्षी थोडं थोडं पाणी सगळ्यांना दिलं तर चांगलं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं करता येत नाही. पाटाच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर पाणी मुरून जातं. आणि शेवटच्या बांध्यांत धान लावू दिलं की त्या तहानेल्या राहतात. मग त्यांचे मालक आपापले कच्चे पाट खणतात, पाळ कोरतात, ती माती टिकत नाही, एके दिवशी फुटते आणि सगळ्यांचंच पाणी वाहून जातं. म्हणून पाणकरानं आधीच सांगायचं असतं की शेवटच्या बांध्या यंदा कोरड्या. धान लावायचंच नाही. लावलंच नाही तर तहान नाही.

दादा काठी टेकून उभा राहिला आणि कुठल्या खुणेपर्यंत पाणी येईल ते त्यानं सांगितलं. त्या खुणेच्या पलीकडच्यांची तोंडं उतरली, पण त्यांत आमचीही जमीन होती, त्यामुळे कोणी उलट बोललं नाही. लोक पांगले. दादा तिथंच उभा राहिला, खालच्या अंगाला शेवटच्या बांध्यांकडे तोंड करून. मी बाजूला जाऊन उभी राहिले.

"उजव्यातबी आली," तो म्हणाला.

"कधी?"

"आज सकाळी. एकच केस हाये. बारीक." त्याचा आवाज कापत होता. माझ्या भावाचा आवाज कापलेला मी आईच्या मरणातही ऐकला नव्हता. "बाई, मी आंधळा होऊन राहिलो."

मी त्याचा हात धरला. तलावाचं पाणी हलत नव्हतं. तुडुमाचे दगड उघडे पडले होते आणि त्यांना चिकटलेलं शेवाळ वाळून खाली लोंबत होतं. मी ते लहानपणापासून पाहिलेलं आहे. त्या दिवशी मला तिकडे पाठ करवेना.

"ते डॉक्टरीण काय म्हणत होती," तो म्हणाला, "ते पुन्यांदा सांग."

मी सांगितलं. कडेच्या भागाला रक्त पोचत नाही. तो तहानेला होतो. मग कच्च्या नळ्या उगवतात. त्या टिकत नाहीत. फुटल्या की सगळंच जातं. मी बोलत होते आणि तो खाली पाटाच्या शेवटाकडे बघत होता. माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्यानं हात वर केला.

"म्हंजे शेवटच्या बांध्या कोरड्या ठेवाच्या."

"हो दादा."

"मंग असं सांगाचं ना तिनं. जाळाचं काऊन म्हणते?" तो चिडून म्हणाला, आणि लगेच, "उद्याची गाडी धरू."

लेझर एका बैठकीत होत नाही. आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. हनुवटी एका टेकूवर ठेवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आणि डोकं हलू नये म्हणून मागून पट्टा. ते पाहून दादा म्हणाला, "हे तं माझ्या खांबासारखंच हाये," आणि त्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीण, मी आणि तो, तिघंही हसलो. मग हिरवा उजेड चमकायला लागला. चमकला की त्याच्या हाताची मूठ वळायची. तो नंतर म्हणाला की मधूनच टाचणी टोचल्यासारखं होतं, पण ते काही नाही. तो प्रत्येक चमकीला एकेक बांधी आठवत होता. कोणाची ते त्यानं सांगितलं नाही.

डाव्यासाठी पुढे नागपूरला जाऊन ऑपरेशन करावं लागलं. त्यात समोर धरलेली बोटं मोजता येतील एवढी नजर आली. उजवा वाचला. उजव्यानं तो समोरचं सगळं बघतो, मोबाईलवरचं वाचतो, भातातला खराखुरा खडा काढतो. संध्याकाळी पाळीवर मात्र आता वहिनी टॉर्च घेऊन त्याच्यापुढे चालते आणि कुठं माती ओली आहे ते ओरडून सांगते. गावानं तुडुम त्याच्याकडून काढून घेतला नाही. त्यानंच सगळ्यांना बोलावून सांगितलं की ती बाई नव्हे, शुगर आहे, आणि प्रत्येकानं डोळे आतून तपासून घ्या. लोकांनी मान हलवली. किती जणांना पटलं ते मला ठाऊक नाही.

त्याला स्वतःला किती पटलं, तेही मी सांगू शकत नाही. पावसाळ्यात एकदा फोनवर, सवयीनं, माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कुठं हाये ती?" मला वाटलं तो रागावेल, नाहीतर हसेल.

"गेली नाई," तो म्हणाला. "कडेले बसली हाये. जिथं मले दिसत नाई ना, तिथं. तिची जागा तिले देऊन टाकली, आता ती मधात येत नाई."

मग भाऊबीज आली. दादा पाटावर बसला, टोपी नीट केली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. दारं-खिडक्या लोटलेल्या, घरात दिव्याशिवाय उजेड नव्हता, आमच्याकडे ओवाळताना दुसरा उजेड ठेवत नाहीत. मी दिवा त्याच्या गुडघ्यापाशी धरला, खांद्याच्या बाहेरून वर नेला. तो माझ्याकडेच बघत होता. दिवा टोपीवरून उतरून पलीकडे गेला आणि त्याच्या तोंडावर एकदम भीती आली. तो मान वळवू पाहत होता आणि आईचं शिकवलेलं आठवून वळवत नव्हता.

"दिवा इझला काय वो?"

"नाही दादा. हाये ना. हा काय."

मी दिवा पुन्हा पुढे आणला. "हाँ," तो म्हणाला, "आला." मी दुसरा फेरा घातला. दिवा खांद्याच्या बाहेर गेला आणि पुन्हा ते तोंड. तेव्हा मला कळलं. दिवा माझ्या हातात होता, वात सरळ जळत होती, पण त्याच्यासाठी तो प्रत्येक फेऱ्यात कुठंतरी जात होता आणि तिथून परत येत होता.

"एवढा मोठा नको घालू, बाई," तो हळूच म्हणाला. "तिकडं तिचं हाये."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी हात जवळ घेतला. दिवा त्याच्या हनुवटीखालून गालापर्यंत, गालावरून कपाळापर्यंत, कपाळावरून दुसऱ्या गालापर्यंत नेला. टीव्हीतल्या बायकांसारखा, नाकासमोर. मी तो हळूहळू फिरवला. त्याची नजर माझ्या तोंडावरच होती आणि या वेळी त्याचं तोंड बदललं नाही.

"आता दिसून राह्यला," तो म्हणाला. "सारा दिसून राह्यला. तूबी दिसून राह्यली."

मी आणखी एक फेरा घातला, आणि आणखी एक. किती घालायचे असतात ते त्या दिवशी मी पाळलं नाही.